माऊगडच्या काकू

आमच्या काकूंना कुठलीही गोष्ट संपलेली चालत नसे. कुणी म्हणालं, "काल फार दमलो होतो, घरी आलो आणि झोपलो," की काकू मान पुढे काढून विचारायच्या, "आणि मग?" झोपल्यावर मग काय होणार? पण त्यांच्या विचारण्यात इतकी खरी उत्सुकता असे, की तो माणूस आठवून आठवून सांगू लागे. सकाळी उठलो तर गाडीचे दिवे चालूच राहिलेले, बॅटरी उतरलेली, मग समोरच्या माओरी आजोबांनी बनियनवरच गाडी ढकलून दिली आणि ढकलता ढकलता त्यांची एक चप्पल तुटली. काकू पोट धरून हसायच्या. खरी गोष्ट झोपल्यानंतरच सुरू झाली होती, हे सांगणाऱ्यालासुद्धा तेव्हाच कळायचं.

त्या माझ्या नात्यातल्या नाहीत. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या दक्षिण टोकाला टाकानिनी नावाचं उपनगर आहे. तिथे नवी घरं इतकी सारखी बांधली आहेत की मी सुरुवातीला दोनदा चुकीच्या दाराला किल्ली लावली. तिथेच एका मराठी कुटुंबाकडे मी एक खोली घेऊन राहते आणि काकू त्याच गल्लीत राहायच्या. माउंट वेलिंग्टनला एका ऑफिसात त्या सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करत. "लोक बटण दाबतात आणि पुढे जातात," त्या सांगायच्या, "मी तिथेच थांबते. दाबलं, आणि मग? परत दाबलं, आणि मग? दाबता दाबता शिंक आली, आणि मग? या चौकशा करायचे मला चक्क पैसे देतात."

आमची ओळख झाली ती डेअरीत. इथे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला डेअरी म्हणतात. मी दाराशी उभी राहून इंग्रजी वाक्य पुटपुटत होते, दूध कुठे ठेवलंय ते विचारायचं वाक्य. मागून आवाज आला, "दुधाला एवढी प्रॅक्टिस? मग दह्याला काय करशील गं?" मला रडूच आलं. काकू घाबरल्या. दूध त्यांनीच घेतलं, मला फुटपाथवरच्या बाकावर बसवलं आणि म्हणाल्या, "काय झालं ते सांग."

मी जालना जिल्ह्यातल्या मंठ्याची. वडिलांचं एस. टी. स्टँडसमोर सायकलचं दुकान आहे, पंक्चर काढण्यापासून चाक सरळ करण्यापर्यंत सगळं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून इथे भूगोल शिकायला आले. इंग्रजीची भीती मला होतीच, पण खरं सांगायचं तर इथे आल्यावर मराठीचीही वाटू लागली. इथली आपली माणसं बहुतेक पुण्या-मुंबईची. मी 'मग'ला 'मंग' म्हणते. पहिल्याच गणपतीत एक ताई हसून म्हणाल्या, "अय्या, किती क्यूट बोलतेस!" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण त्या दिवसापासून मी प्रत्येक वाक्य तोंडातून बाहेर पडायच्या आधी त्यात कुठे 'मंग' येतोय का ते बघू लागले, आणि बघता बघता वाक्यं आतच राहू लागली.

हे सगळं मी त्या बाकावर सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "वर्गात बोलायला उभी राहिले आणि आवाजच फुटला नाही."

"आणि मग?"

"खाली बसले."

"आणि मग?"

"आमच्या मॅडमनी अजून एक संधी दिलीय. इतिहास असलेल्या एखाद्या जागी सगळ्या वर्गाला न्यायचं आणि तिथे उभं राहून ती जागा समजावून सांगायची. नाही जमलं तर विषय राहील. विषय राहिला तर शिष्यवृत्ती बंद."

"आणि मग?"

"मग काही नाही. परत मंठा."

"छे!" काकू उठल्या. "रविवारी गडावर चल."

मला वाटलं, माझी समजूत काढायला काहीतरी बोलतायत. न्यूझीलंडमध्ये कसला आलाय गड?

पण गड होता. ऑकलंडच्या बंदराच्या तोंडाशी, डेव्हनपोर्टला, एक विझलेला ज्वालामुखी आहे. नकाशावर त्याला नॉर्थ हेड म्हणतात. इथल्या मूळ रहिवाशांच्या, माओरींच्या भाषेतलं त्याचं खरं नाव माउंगाउइका. काकू डोंबिवलीच्या. लहानपणी त्यांचे दोन्ही भाऊ दर महिन्याला सह्याद्रीत जायचे आणि काकू आणि त्यांची आई भल्या पहाटे उठून त्यांच्यासाठी थालीपिठं लावायच्या. "मी गडावर फक्त डबे चढवले," त्या म्हणायच्या. "स्वतः चढले ती एकदम न्यूझीलंडला येऊन." पहिल्यांदा इथे आल्या तेव्हा त्यांचा मुलगा लहान होता. पायथ्याची पाटी काकूंनी मोठ्याने वाचायला घेतली, "माऊ..." आणि त्या लांबलचक नावात अडकल्या. मुलाने लगेच विचारलं, "Mau? Where's the mau?" तो दिवसभर मांजर शोधत फिरला. तेव्हापासून आमच्या सगळ्या मराठी मंडळींत या डोंगराचं नाव माऊगड.

पुढे काकूंनी ही गंमत ऑफिसातल्या हेना नावाच्या माओरी मैत्रिणीला सांगितली. हेना खूप हसली आणि मग शांतपणे म्हणाली, "माउंगा म्हणजे डोंगर. मांजराचं नाव ठेवा हवं तर, पण आधी त्याला त्याच्या नावाने हाक मारा." काकूंना ते लागलं. तेव्हापासून नियम झाला. पायथ्याशी सगळ्यांनी उभं राहून आधी पूर्ण नाव नीट म्हणायचं, माउंगाउइका, 'ंग'चा उच्चार 'ङ'सारखा नाकातून काढायचा, आणि मगच वाटेला हात लावून नमस्कार करून माऊगड चढायचा. डबा वर न्यायचा नाही, हाही एक नियम. डोकं पवित्र, तिथे खाणं नेत नाहीत, असं हेनाच्या घरात मानतात. काकूंना ते फार पटलं होतं. "नावातच हेड आहे. डोक्यावर बसून शिरा खायचा म्हणजे काय!"

माझ्या पहिल्या रविवारी दहा-बारा माणसं होती. निम्मी लहान मुलं. त्यांना मराठी सगळं समजतं, पण उत्तरं इंग्रजीत येतात. काकू पुढे, पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी स्लिपर. मागून काका, बगलेत पुठ्ठ्याची भलीमोठी खोकी सपाट करून धरलेली. काका फार बोलत नसत. खोकी कशाला, मी विचारलं तर म्हणाले, "कळेल."

काकू गड दाखवायच्या तो त्यांच्या एकाच प्रश्नावर. आधी नुसता धूर आणि राख. आणि मग? मग गार झाला, माओरी माणसं आली, इथून समुद्र सगळा दिसतो म्हणून राहिली. आणि मग? मग गोऱ्यांची जहाजं आली, त्यांना वाट दाखवणारी माणसं इथे बसू लागली. आणि मग? मग आवई उठली की रशियन येणार! झालं, तोफा आणल्या, कैदी आणले, कैद्यांनी डोंगर पोखरून भुयारं केली आणि वर राहायला दगडी खोल्या बांधल्या. मग दोन महायुद्धं, मग नौदल. सालं काकूंना एकही येत नसे. पाटणकर नावाचे एक काका फोन काढून सालं सांगू लागत. काकू त्यांना थांबवत नसत. "सालं तुमच्याकडे, पाटणकर. मी नुसतं पुढे काय झालं ते सांगते."

डोंगरमाथ्यावर कैद्यांनी बांधलेलं एक छोटं दगडी स्वयंपाकघर अजून उभं आहे. काकू त्याच्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "तर एवढी तयारी केली. तोफा तेल घालून ठेवल्या. आणि मग? रशियन आले का?"

"No!" मुलं ओरडली. त्यांना उत्तर पाठ होतं.

"नाही आले! पुढच्या लढायांतसुद्धा इथे कुणी शत्रू आला नाही. म्हणजे बघा, एवढा स्वयंपाक केला, पानं मांडली आणि पाहुणे आलेच नाहीत!"

"So who ate it?" एका छोट्या मुलीने विचारलं. इरा तिचं नाव, पाटणकरांची नात.

काकूंनी काकांकडे बघितलं. काकांनी खोकी जमिनीवर टाकली. "आपण!" काकू म्हणाल्या, आणि पुठ्ठ्यावर बसून, सलवार गुडघ्यात गच्च धरून, त्या हिरव्या उतारावरून सरळ खाली घसरत गेल्या. ओढणी मागे झेंड्यासारखी. एक जँडल वाटेतच राहिली. काका ती उचलायला शांतपणे निघाले, जणू रविवारचं ते त्यांचं ठरलेलं काम होतं. त्या डोंगरावर इथली सगळीच मुलं अशी पुठ्ठ्यावरून घसरतात. पन्नाशीच्या बाईला घसरताना मात्र मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवशी मीही घसरले. किती महिन्यांनी एवढ्या मोठ्याने ओरडले, देव जाणे.

माझ्या परीक्षेसाठी काकूंनी हीच जागा ठरवली. मला विचारलंसुद्धा नाही. पुढच्या रविवारी त्यांनी सगळ्यांना भुयारात नेलं आणि मुलांना बॅटऱ्या बंद करायला सांगितल्या. एकदम काळोख झाला. भिंतीतून थंडावा येत होता.

"आता ही ताई सांगणार," काकूंचा आवाज आला. "बोल गं. इथे कुणाचं तोंड कुणाला दिसत नाही. आणि मराठीत बोल, इंग्रजी नंतर बघू."

मी सुरुवात केली. ज्वालामुखीपर्यंत ठीक झालं. मग जीभ सैल झाली असावी, कारण मी म्हणून गेले, "आन् मंग इथं माणसं आली..." आणि थबकले. झालं. आता सगळे हसतील.

कुणी हसलं नाही. अंधारातून इराचा बारीक आवाज आला, "Ani mung?"

मग दुसऱ्या मुलाचा. "Ani mung?"

मग सगळीच ओरडू लागली आणि भुयारभर माझ्या मंठ्याचा 'मंग' घुमू लागला. या मुलांना मग काय आणि मंग काय, दोन्ही सारखेच लांबचे. त्यांनी जो कानावर पडला तो उचलला. काकू माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "बघ, माझं वाक्य पळवलंस." त्यानंतर मी सगळं सांगितलं. नौदलापर्यंत. बाहेर उजेडात आलो तेव्हा माझे डोळे ओले होते आणि मला ते उन्हामुळे झालं असं सांगावं लागलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही. मुलं खोकी घेऊन पळाली होती.

परीक्षेच्या दिवशी काकू येणार नव्हत्या. "मी आले की तू माझ्याकडे बघत बसशील. तू त्या तोफेकडे बघ."

ती तोफ गडाच्या दक्षिण बाजूला एका गोल खड्ड्यात आहे. गोळा सुटला की धक्क्याने तोफ आपोआप खाली बसायची, खड्ड्यात लपायची, आणि शत्रूला दिसायचीच नाही. मी वर्गाला तिथेच उभं केलं. वारा जोरात होता. मॅडम टोपी धरून उभ्या होत्या. इथे मॅडमनासुद्धा पहिल्या नावाने हाक मारतात, मला ते अजून जमत नाही. मी बोलू लागले. धूर, राख, पहिली माणसं, जहाजांना वाट दाखवणारे. आणि मग कुठलंतरी एक इंग्रजी क्रियापद आठवेना आणि सगळं थांबलं. तेच. पहिल्यांदा झालं होतं तसंच. सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे, आणि या वेळी उजेड लख्ख. मला वाटलं, आपणही त्या तोफेसारखं खाली बसावं.

काकू नव्हत्या. मुलंही नव्हती. मी तोफेकडे बघितलं आणि माझ्याच तोंडून मोठ्याने निघालं, "आन् मंग?"

सिओने नावाचा एक सामोअन मुलगा आमच्या वर्गात आहे, कायम मागे उभा राहतो. त्याने विचारलं, "What's that?"

"माझ्या गावाकडची भाषा," मी इंग्रजीत सांगितलं. "म्हणजे, पुढे काय झालं?"

"Sweet as," तो म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत 'एकदम मस्त', आणि हात हनुवटीला लावून अगदी गंभीरपणे, "An mung?"

सगळे हसले. मीही हसले. क्रियापद काही आठवलं नाही, मी त्याच्याशिवाय पुढे गेले. पुढे प्रत्येक टप्प्याला वर्गच मला विचारू लागला. शेवटी दगडी स्वयंपाकघरापाशी मी पानं मांडून पाहुणे न आल्याचं सांगितलं तेव्हा मॅडमची टोपी हसता हसता उडाली आणि तिच्यामागे दोन जण धावले. ते वाक्य माझं नव्हतं. मी मॅडमना तसं सांगितलंही. त्या म्हणाल्या, "ज्यांचं असेल त्यांना माझे आभार सांग. पास झालीस."

परत येताना डेव्हनपोर्टच्या धक्क्यावर, फेरी बोटीची वाट बघायच्या बाकावर काकू बसल्या होत्या. मांडीवर चिप्सचा कागद, समोर एक उद्धट सीगल.

"तुम्ही येणार नव्हता ना!"

"मी आलेच नाहीये. मी चिप्स खायला आलेय." माझ्याकडे त्या बघेनात. सीगलकडे बघत म्हणाल्या, "आणि मग?"

मी सांगितलं. त्यांनी चिप्सचा कागद बाजूला ठेवला, तेलकट हातांनीच माझा चेहरा धरला. सीगलने तेवढ्यात अर्ध्या चिप्स नेल्या.

बोटीत त्यांनी विचारलं, "घरी कळवलंस?"

"पास झाले एवढं सांगेन. बाकीचं त्यांना कसं सांगू, काकू? त्यांना यातलं काही माहीत नाही."

"मला सॉफ्टवेअरमधलं कुठे काही कळत होतं? कुणीतरी सांगितलंच ना." थोड्या वेळाने म्हणाल्या, "ते विचारत नाहीत, का तू सांगत नाहीस?"

वडिलांचा, म्हणजे दादांचा, फोन कायम एकसारखा असायचा. "जेवली का? बरं वाटतं का? मंग ठिवतो." मला वाटायचं, त्यांना माझ्या अभ्यासातलं समजणार नाही म्हणून ते विचारत नाहीत. त्यांना काय वाटायचं ते मी कधी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी फोन केला तेव्हा तिकडे दुपार होती. मागे पंपाचा आवाज, कुणाच्या तरी सायकलची घंटा.

"दादा, पास झाले."

"लई भारी! जेवली का?"

"जेवले. दादा, इथं एक गड हाय." माझं बोलणं आपोआप घरचं झालं. "त्याच्यावर एक तोफ हाय. गोळा सुटला की ती आपोआप खाली बसती, खड्ड्यात लपती."

पलीकडे पंप थांबला. आता ते 'ठिवतो' म्हणतील म्हणून मी वाट बघत राहिले.

"आन् मंग?" दादा म्हणाले. "परत वर कशी येती?"

मी पलंगावर बसले आणि सांगायला लागले. त्यांनी दुकानात बसलेल्या कुणाला तरी मोठ्याने हाक मारली, "ए, इकडं ये, ऐक, पोरगी काय सांगायली!" आम्ही कितीतरी वेळ बोलत होतो. पाहुणे न आलेल्या स्वयंपाकाचं सांगितलं तेव्हा दुकानात चार माणसं हसल्याचा आवाज आला. मग दादा जरा खाकरून म्हणाले, "तू सांगत जा की असं. मला वाटायचं, तुझ्या अभ्यासात कशाला आपण मधी मधी."

हे काकूंना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदाच 'आणि मग' म्हणाल्या नाहीत. ओढणीने चष्मा पुसत बसल्या.

गेल्या वर्षी काकांना क्राइस्टचर्चला नोकरी मिळाली आणि दोघं तिथल्या हॉर्नबी नावाच्या उपनगरात राहायला गेली. जायच्या आदल्या रविवारी आम्ही सगळे माऊगडावर गेलो. नाव म्हटलं, वाटेला हात लावला. मला वाटलं होतं, माथ्यावर काकू काही बोलतील. त्या नुसत्या समोरच्या समुद्राकडे बघत उभ्या राहिल्या. खाली आल्यावर त्यांनी एक मोठा सपाट पुठ्ठा माझ्या हातात दिला. "वॉशिंग मशीनचं खोकं आहे. असं जाड मिळत नाही परत. जपून वापर." आणि गाडीत बसून काच खाली करून म्हणाल्या, "मुलांना गडाचं पूर्ण नाव म्हणायला लावत जा हं. नाहीतर हेना मला फोन करेल."

आता रविवारी मी नेते सगळ्यांना. पाटणकर सालं सांगतात. इरा आता लहान मुलांना सांगते की मांजर आहे, पण ते फक्त शहाण्या मुलांना दिसतं.

फोनवर काकूंचा आवाज मात्र सुरुवातीला फार उतरलेला असे. एका रविवारी मी घसरून घसरून गवताने हिरवी झालेली असताना त्यांचा फोन आला.

"काय गं, झाला का गड?"

"झाला. तुमचं काय चाललंय?"

"आमचं कसलं काय. इथे सगळं सपाट. रस्ते सपाट, घरं सपाट, गोदामं सपाट. रविवारी भाजी आणायला गेलो, परत आलो. संपला रविवार."

मी पुठ्ठ्यावर बसले होते. मान पुढे काढून म्हणाले, "आन् मंग?"

फोनवर काकूंचा हसण्याचा आवाज, आधी बारीक आणि नंतर आमच्या भुयारात घुमायचा तसा.

"मग काय, बाई! मग मी काकांना म्हटलं, गाडी काढा. गेलो तर गेलो, पार समुद्रापर्यंत. आणि ऐक, तिथे टोकाला डोंगर आहे. गॉडली हेड. तिथेसुद्धा तोफांच्या जागा आहेत! हे एवढं सिमेंट ओतलंय! यांनीसुद्धा लढाईच्या दिवसांत शत्रू येणार म्हणून सगळा स्वयंपाक करून ठेवला होता!"

"आणि पाहुणे?"

"कुठले यायला!" काकू इतक्या आनंदाने ओरडल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मागे काका काहीतरी म्हणत होते. काकूंनी त्यांना सांगितलं ते मला स्पष्ट ऐकू आलं, "अहो, पुठ्ठा कुठे मिळतो ते बघा आधी!"